लिंबापर्यंत ठीक होतं

गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरात थंडी फार दिवस टिकत नाही. पाळणे सुटे होतात, दुकानांचे पत्रे टेम्पोत चढतात, आणि त्याच टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून थंडीही गावाबाहेर निघून जाते, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. मग उरतात अधलेमधले दिवस. सकाळी अंगावर चादर हवी, दुपारी डोक्यावर पंखा हवा. खेड्याकडून येणारा पाहुणा पिशवीत हुरडा घेऊन येतो. नव्या मालदांडी ज्वारीला अजून अवकाश असतो. आणि गल्लीतली पोरं प्रॅक्टिकलच्या फायली छातीशी धरून, देवाचं नाव घेत, शाळेकडे निघालेली दिसतात.

यंदाही ते दिवस आले. परवा सकाळी कुठून तरी हुरड्याच्या आगटीचा वास आला. शुक्रवार पेठेच्या बोळात कुठली आलीय आगटी! पण वाऱ्याला कोण अडवणार? भाजलेल्या कणसाचा तो गोडसर, जरासा करपलेला वास आला की चारचौघांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझे मात्र कान गरम होतात. लाज माणसाला नेमकी कुठं वाटते, असं डॉक्टरांनी विचारलं तर मी कान दाखवीन.

आमचा धंदा कडक भाकरीचा आहे. हे वाक्य आत्ता एका दमात लिहून टाकलं, पण तोंडानं म्हणायला मला बरीच वर्षं लागली. त्याआधी मी एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहीत होतो. टेबल, खुर्ची, डोक्यावर आवाज करणारा पंखा, खिशाला पेन. मग कारखान्याला कुलूप लागलं. पंखा राहिला तिथं आणि पेन आलं माझ्याबरोबर घरी. महानंदा, म्हणजे आमची मंडळी, अक्कलकोटकडची. ती आधीपासूनच घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत भाकऱ्या थापून, वाळवून कडक करून दुकानांना द्यायची. मी आधी पोती उचलायला लागलो, मग पीठ चाळायला, मग एक दिवस परातीपुढं बसलो तो बसलोच.

माझ्या हातची भाकरी कधी गोल झाली नाही. अजूनही होत नाही. महानंदा माझी भाकरी तव्यावरून उचलून उजेडाला धरायची आणि विचारायची, "हा कुठला तालुका म्हणायचा?"

"माढा असंल," मी म्हणायचो.

"माढा एवढा लांबुळका न्हाय हो. हा आमचा अक्कलकोट दिसतोय. हे बघा, इकडं कर्नाटकाकडं झुकलाय." आणि ती भाकरी आमच्या दुपारच्या जेवणासाठी बाजूला ठेवायची. दुकानात गोल भाकरी जायची, घरात आम्ही जिल्हा खायचो.

घरातल्या घरात हे सगळं हसण्यावारी जायचं. पंचाईत व्हायची ती कडी वाजल्यावर. आमचं घर फूटपट्टीसारखं, अरुंद आणि लांब. बोळात दार आणि एक खिडकी. आत पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर, त्याच्या मागं मोरी आणि सगळ्यांत शेवटी पत्र्याची खोली. तिच्या दाराला एक खिळा होता. खिळ्याला माझा इस्त्रीचा शर्ट, शर्टाच्या खिशात ते पेन. कडी वाजली की मी हात धुणार, शर्ट चढवणार, मधलं दार ओढून घेणार आणि पुढच्या खोलीत येऊन विचारणार, "कोण हाय?" आलेला माणूस म्हणायचा, "काय चाललंय?" मी म्हणायचो, "काय न्हाय, जरा लिखापढी." आत थप थप थप आवाज चालूच. बाहेर माझी लिखापढी.

एकदा नातेपुत्याहून माझे साडू आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "कारखाना बंद पडला म्हणं. मग सध्या काय?"

मी मांडी बदलून म्हणालो, "सध्या फूड प्रॉडक्ट्समध्ये हाय."

तेवढ्यात आतून महानंदाचा आवाज आला, "अवं, तुमचं फूड प्रॉडक्ट करपूलालंय! उलथा की येऊन!"

साडू सभ्य माणूस. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण दाराआड आमची भाग्यश्री उभी होती, तिनं ऐकलं. शर्टही बघितला, पेनही बघितलं. पोरं काय शिकतात ते आपण काय शिकवतो त्यावर थोडंच असतं! ती बघत असतात.

भाग्यश्री नववीत गेली तेव्हा तिच्या शाळेत व्यवसाय शिक्षणाचा नवा विषय आला, कॅड. संगणकावर घरांचे, यंत्रांचे नकाशे काढायचे. शिकवायला माने सर म्हणून एक तरुण शिक्षक होते. भावकीत कुणी विचारलं तर "पोरीला इंजिनियरिंगचं काय तरी हाय" असं मी सांगायचो. व्यवसाय शिक्षण म्हटलं की लोकांना वाटतं, पोरगी मार्कांत कमी पडली. लोकांना काय वाटतं याची काळजी मी नेहमी लोकांच्याही आधी करतो.

पण पोरगी रमली. भाकऱ्या वाळत घालताना ती मला धडे द्यायची. रेघ कशी ओढायची, जास्तीची रेघ कशी छाटायची. सर्कलला दोनच गोष्टी लागतात, मध्य आणि त्रिज्या. मग वर्तुळ कधी चुकतच नाही. "बघा अप्पा, तुमाला हे पायजे होतं," असं म्हणून ती माझ्या हातातल्या अक्कलकोटाकडं बघायची.

एकदा तिनं लेअर समजावून सांगितला. "समजा, पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेत. एकावर भिंती, एकावर दारं, एकावर फर्निचर. प्रत्येक लेअरपुढं स्क्रीनवर एक बारका बल्ब असतो. बल्ब बंद केला की तो लेअर दिसत न्हाय."

"म्हंजे पुसला जातो?"

"न्हाय हो. असतोच की तितं. फक्त दिसत न्हाय."

"भाकरीचा पापुद्रा की मग," मी म्हणालो. ती जरा थांबली आणि म्हणाली, "व्हय, तसंच." मला त्या दिवशी फार हुशार वाटलं. असे दिवस कमी येतात म्हणून लक्षात राहतात.

दहावीला प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकानं आपलं राहतं घर मोजून त्याचा नकाशा काढायचा होता. बाहेरून परीक्षक म्हणून येणाऱ्या बाई स्वतः आर्किटेक्ट होत्या, आणि वर्गातल्या एकाला त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या ऑफिसात शिकायला बसवून घेणार होत्या. जागा एकच. भाग्यश्रीला ती हवी होती. तिनं तसं तोंडानं म्हटलं नाही, पण त्या दिवसांत ती जेवताना ताटात बोटानं भिंती ओढायची.

रविवारी आम्ही घर मोजलं. टेपचं टोक भिंतीला धरायचं काम माझ्याकडं. "अप्पा, दाबून धरा. हलू नका. अप्पा, तुमी हललाव." जन्मभर या घरात राहिलो, पण भिंतीला असा नाक लावून कधी उभा नव्हतो. तिथं रंगाचे जुने पोपडे होते, लग्नातल्या हळदीच्या बोटांची फिकट खूण होती. पुढची खोली झाली, मधली झाली, स्वयंपाकघर झालं. मी टेप सोडला.

"झालं न्हाय अजून," ती म्हणाली. "मागची खोली."

"ती कशाला? ती काय खोली हाय का!"

"सर म्हणलेत, राहतं घर म्हंजे जे हाय ते सगळं."

मग आम्ही मागची खोली मोजली. पत्रा तापलेला, दोन्ही चुली चालू, महानंदा "तंगड्या बाजूला घ्या" म्हणून ओरडतेय, आणि भाग्यश्री घाम पुसत पुसत सगळं टिपून घेतेय. दोन चुली, दोन तवे, परात, पिठाची पोती, आमचे दोघांचे पाट. तव्याची रुंदीसुद्धा घेतली. मला हाताला चटका बसला तेव्हा ती हसली. सकाळी कुणीतरी आणून दिलेला हुरडा त्याच चुलीच्या निखाऱ्यावर भाजला आणि टेप गळ्यात घालून तिनं तो उभ्या उभ्या खाल्ला. तो वास तिथला आहे. आगटीचा म्हणतो मी, पण खरं म्हणजे आमच्या मागच्या खोलीचा.

प्रॅक्टिकलच्या दिवशी दुपारनंतर पालकांनी नकाशे बघायला यावं, असं माने सरांनी कळवलं होतं. महानंदाला दुकानांचा माल पोचवायचा होता. मी गेलो. अर्थातच तोच शर्ट, तेच पेन.

चपला बाहेर काढून आत गेलो. गार हवा, संगणकांची रांग, नव्या प्लास्टिकचा वास. भिंतीवर ओळीनं नकाशे लावलेले. मी आमचं घर शोधत निघालो. एक नकाशा तबस्सुमचा होता, भाग्यश्रीची जोडीदारीण. तिचे वडील मालाचा टेम्पो चालवतात. तिनं बोळात उभा केलेला टेम्पोसुद्धा काढला होता आणि जिन्याखाली एक खाट, तिच्यापुढं लिहिलेलं, 'दादाजान'. त्याच्या शेजारी आमचं घर. मी ते लगेच ओळखलं. दार, खिडकी, पुढची खोली, मधली, स्वयंपाकघर, मोरी. रेघा कशा, तलवारीच्या धारेसारख्या! ऊर भरून आला.

मग मागं बघितलं. मोरीच्या पलीकडं, पत्र्याच्या खोलीच्या जागी, लिहिलं होतं, 'बाग'. आणि तीन झाडं.

नकाशात झाड वरून दाखवतात. एक वर्तुळ आणि आत चार बारीक रेघा. तव्यावर फुगायच्या आधीची भाकरी दिसते अगदी तशी.

आता जे सांगतो ते लिहिताना माझे कान तापलेत. बापाला पहिल्यांदा काय वाटायला हवं? वाईट वाटायला हवं, राग यायला हवा. मला सुटल्यासारखं वाटलं. आजूबाजूला इतके पालक, कुणाचे सर, कुणाच्या मॅडम, आणि भिंतीवर माझी चूल टांगलेली नव्हती. मी शर्टाची कॉलर सारखी केली. पोरगी हुशार निघाली, असं मनात म्हणालो.

परीक्षक बाई ओळीनं नकाशे बघत आल्या. पिकलेले केस, सुती साडी, चष्मा दोरीला. त्यांच्यामागं माने सर. आमच्या घरासमोर त्या थांबल्या. बराच वेळ बघितलं.

"कुणाचं हे?"

"माझं, मॅडम," भाग्यश्री पुढं झाली.

"रेघ सुंदर आहे तुझी. पण मला एक सांग, घरातून बागेत जायला दारच नाही. झाडांना पाणी कोण घालतं? पक्षी?"

पोरं हसली. घर मोजताना मागच्या खोलीचं दार तिनं खोलीबरोबर मोजलं होतं. खोली गेली, तिच्यासंगं दारही गेलं.

"बाग खरंच आहे ना?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "की जागा रिकामी दिसत होती म्हणून झाडं टाकली?"

भाग्यश्री खाली बघत होती. माने सरांना तिची कीव आली असावी. ते म्हणाले, "मॅडम, हे तिचे वडील. काका, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडं वळले. पोरीनंही वर बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी गडबडीत होतो.

"हाय की!" मी म्हणालो. "बाग हाय. लिंबाचं झाड हाय."

बाईंनी मान डोलावली. इथं मी थांबायला हवं होतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस लिंबापाशी थांबला असता. पण मला गोष्टी सांगायची खोड. एकदा तोंड उघडलं की मलाच पुढचं दिसायला लागतं. "कढीपत्ता हाय," मी म्हणालो. "जास्वंद हाय, लाल. संध्याकाळी बसायला बरं पडतं. झोपाळा बांधलाय तितं."

"झोपाळा?" बाईंचा चेहरा खुलला. "अरे वा! मग तो का नाही नकाशात? चल, फाईल उघड. दार आणि झोपाळा दोन्ही टाक. इथंच, माझ्यासमोर."

भाग्यश्री संगणकापुढं बसली. तिच्या मागं बाई, सर, तबस्सुम आणि मी. फाईल उघडली. आमचं घर काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी उभं राहिलं. तिनं माऊस हलवला, पण दार कुठं टाकावं हे तिला सुचेना. बाई वाकल्या, चष्मा नाकावर घेतला आणि पडद्याच्या कडेच्या यादीवर बोट ठेवलं.

"हा एक लेअर बंद आहे. नाव काय दिलंयस? 'मागे'. काय आहे त्यात?"

भाग्यश्रीनं माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"चालू कर बघू."

तिनं बारक्या बल्बवर टिचकी मारली.

बागेवर खोली उगवली. पत्रा, खिडकी, पोती, दोन चुली, त्यांवर तवे, परात, दोन पाट. प्रत्येकाचं माप टाकलेलं. एका पाटावर लिहिलेलं 'आई', दुसऱ्यावर 'अप्पा'. आणि तीन झाडं होती ती नेमकी तिन्ही वर्तुळांवर बसली, दोन झाडं तव्यांवर आणि एक परातीवर. झाड लावताना तिनं नवा मध्य शोधलाच नव्हता. जिथं तवा होता तिथंच लावलं होतं.

बाई कधी पडद्याकडं बघत होत्या, कधी माझ्याकडं. मी मनगट मागं घेतलं. घड्याळाच्या पट्ट्यात पीठ अडकलेलं होतं. शर्ट बदलला तरी तेवढं राहतंच.

"आणि झोपाळा?" बाईंनी मला विचारलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघंतिघं हसले. आणि सांगायला लाज वाटते, त्यांच्यासंगं मीही हसलो. दुसरं काय करावं ते कळलं नाही.

भाग्यश्री हसली नाही. ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "मॅडम, बाग नाही. खोली आहे. नीट मोजलेली आहे. टेप अप्पांनी धरला होता."

"काय करता तिथं?"

"भाकरी. कडक भाकरी करून विकतो."

"कोण करतं?"

"आई," ती म्हणाली. मग मधे एक श्वास गेला. "आणि अप्पा."

तो एक श्वास माझा. तो तिनं माझ्याकडूनच उचलला होता. साडूंना उत्तर देताना मी मांडी बदलली होती, तेवढाच मोठा.

बाई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या मापात चूक नाही, पोरी. पण लेअर बंद करून नकाशा माझ्या हातात दिलास, आणि मी त्याच्यावर भरवसा ठेवून कामाला माणसं पाठवली, तर ती माणसं तुझ्या आईच्या अंगावर भिंत पाडतील. नकाशा वाचणाऱ्याला माहीत नसतं ना, तिथं कोण बसलंय." मग त्यांनी तबस्सुमच्या नकाशाकडं बघितलं, खाटेकडं बघितलं, आणि सुट्टीतली जागा तबस्सुमला दिली. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना स्कूटरवर ती मागं बसली होती. नेहमी खांद्यावर हात असतो, त्या दिवशी मागच्या दांडीला धरून बसली. ऊन कलतं होतं, रस्त्याकडेला हुरड्याच्या पिशव्या घेऊन बाया बसल्या होत्या. मी शब्द जुळवत होतो. माफी मागावी तर कशाची? तिच्यासाठी खोटं बोललो म्हणून, की इतकं वाईट खोटं बोललो म्हणून?

चौकात थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "अप्पा."

"काय गं?"

"लिंबापर्यंत ठीक होतं. झोपाळा कशाला टाकलाव?"

मागून गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

घरी महानंदा वाट बघत होती. भाग्यश्रीनं तिला सगळं सांगितलं, काही न गाळता, माझा कढीपत्तासुद्धा. महानंदा हसत सुटली. डोळ्यांना पदर लावून हसली. "झोपाळा! पाय पसरायला जागा न्हाय आन् ह्यांचा झोपाळा!" मग हसणं ओसरलं. तिनं तव्यावरची भाकरी उलथली, कडेनं दाबली आणि पोरीकडं न बघता विचारलं, "त्या बंद केलेल्यात माझा पाट होता का गं?"

"होता," भाग्यश्री म्हणाली.

"नाव घातलं होतंस?"

"व्हय. 'आई' म्हणून."

"मग बास," ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.

तोवर मी फक्त माझ्यापुरता विचार करत होतो. माझी चूल दिसली नाही, मी सुटलो, मग माझी फजिती झाली. त्या बागेखाली तीही गाडली गेली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती तर कडी वाजली तरी कधी उठली नव्हती, तिच्यासाठी कुठल्याही खिळ्यावर काही टांगलेलं नव्हतं. उलट मी पुढं जाऊन लिखापढी करायचो तेव्हा माझ्या तव्यावरच्या भाकऱ्याही तीच उलथायची.

ती सुट्टी भाग्यश्रीनं आमच्यासंगं परातीपुढं काढली. तबस्सुम संध्याकाळी यायची आणि ऑफिसात काय काय शिकली ते सांगायची. भाग्यश्री थापता थापता ऐकायची. एखाद्या शब्दावर तिचा हात थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. मला तो थांबलेला हात बघवायचा नाही. मी पोती मोजायला जायचो. पोती तितकीच असायची.

पुढं मी कधीतरी कॅडचा तो बल्ब आठवत बसायचो. खोली लपवायची होती तर पुसून टाकणं सोपं होतं. एक बटण दाबायचं, काम झालं. तिनं तसं केलं नाही. पाटावर नावं घातली, मापं टाकली, सगळं नीट केलं आणि मग बल्ब बंद केला. तिच्या जागी मी असतो तर पुसलं असतं. असं वाटलं की पुन्हा कान गरम होतात.

यंदा ती पॉलिटेक्निकच्या वसतिगृहातून चार दिवस घरी आली आहे. सिव्हिल करतेय. मागच्या खोलीचा पत्रा गळायला लागला, तो काढून नीट खोली बांधायची आहे, तिचा नकाशा भाग्यश्री काढणार. परवा आगटीचा वास आला त्याच सकाळची गोष्ट. ती टेप घेऊन आली आणि म्हणाली, "अप्पा, धरा."

मी परातीपुढून तसाच उठलो. अंगात बनियन, कोपरापर्यंत पीठ. भिंतीला नाक लावून टोक धरलं. आणि तेवढ्यात कडी वाजली.

खोटं कशाला बोलू, माझी नजर खिळ्याकडं गेली. शर्ट होता तिथं. दुसरा शर्ट, पण तोच म्हणायचा. उजवा हात सुटायला लागला.

"सोडू नका," भाग्यश्री टेपाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाली. ती आकडा वाचत होती, वर बघितलंही नाही. "माप चुकंल."

महानंदानं जाऊन दार उघडलं आणि माणसाला सरळ आत घेऊन आली. नातेपुत्याचे साडू. हातात हुरड्याची पिशवी. दारात उभे राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय हो," ते म्हणाले, "फूड प्रॉडक्ट्स का?"

"भाकरी थापतो," मी म्हणालो. भिंतीकडं तोंड करूनच म्हणालो. माणसाकडं तोंड करून म्हणायला अजून थोडा वेळ लागेल.

"ते ठाऊक हाय की," साडू म्हणाले. "त्या टायमालाच वास आला हुता." आणि ते पाटावर बसून हुरडा सोलायला लागले.

संध्याकाळी भाग्यश्रीनं लॅपटॉप आणून माझ्यापुढं ठेवला. नवी खोली. दोन खिडक्या, धुराड्याला जागा, घरातून आत यायला रुंद दार. दोन पाट, दोन नावं. आईच्या पाटापुढं एक सुरेख वर्तुळ.

"हे झाड?" मी विचारलं.

"झाड न्हाय. भाकरी. आईची."

माझ्या पाटापुढंही काहीतरी होतं. वर्तुळ नव्हतं. एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला आत गेलेलं, खालून कर्नाटकाकडं झुकलेलं. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"सर्कलनं येत न्हाय हो तुमची," ती म्हणाली. "लई वेळ लागला. माऊसनं हातानं काढली."

महानंदा मागून वाकली, बघितलं आणि म्हणाली, "अक्कलकोट."

मी मान वर केली नाही. कान तापले होते, आणि ते दोघींनाही दिसत होते.